मागचा डावा

१

लोकांच्या घरात सिनेमाची खोली उभी करून देणं हा कानसेनांचा धंदा. पडदा कुणीही टांगेल, खुर्च्या कुणीही मांडेल, पण आवाज जागच्या जागी बसवायचा तर कानसेनच हवेत, असं त्यांची गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत. नाव बायकोने ठेवलेलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, शेजारच्या घरातला नळ टपटपतोय म्हणून ते भरल्या ताटावरून उठले, तेव्हा ती म्हणाली होती, "तानसेन नव्हता नशिबात, कानसेन तरी पदरात पडला." नाव धंद्याला चिकटलं, आणि ठेवणारी गेली तरी राहिलं. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

त्या दिवशी सकाळी ते दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे होते. खाली दवाखाना, वर घर, आणि घराच्या मागच्या अंगाची एक खोली सिनेमासाठी मोकळी केलेली. स्पीकर कसले घ्यायचे यावरून नवराबायकोत आठवडाभर जुंपली होती. नवऱ्याला माणसाच्या उंचीचे खांब हवे होते. बाईंना स्पीकर दिसायलाच नको होते.

"सगळे छतात बसवून टाका," बाई म्हणाल्या. "धूळ नको नि अडगळ नको."

"बसवतो की. पण मग सिनेमातली माणसं छतातून बोलतील," कानसेन म्हणाले. "तुमच्याकडे पाहुणे छतातून येतात का?"

नवरा हसायला लागला होता, पण बाईंनी नुसतं बघितलं आणि त्याने ते हसू गिळलं.

"पुढे तीन मोठे घ्या, तुमची हौस भागेल," कानसेन त्याला म्हणाले आणि मग बाईंकडे वळले. "मागचे दोन लहान घेऊ, भिंतीच्या रंगाचे. पण दोन्ही एकाच आईची लेकरं हवीत, एक या जातीचं नि एक त्या जातीचं असं चालायचं नाही. कोपऱ्यात हा जाड्या, खर्जाचा डबा, तो नुसता धमधमतो. आता मागच्यांचं ऐका. पुढचे बोलतात. मागचे बोलत नाहीत, ते नुसते असतात. कानाच्या जरा वर, खांद्याच्या जरा मागे. आपल्यामागे घर आहे, घरात कुणीतरी वावरतंय, एवढंच वाटायला हवं. सिनेमा बघताना तुमची मान मागे वळली, तर समजा माझं काम फसलं."

हे वाक्य ते वीस वर्षं घरोघर म्हणत आले होते. अलीकडे ते म्हणताना समोरच्याकडे बघत नसत, पण म्हणायचे.

मग मोजमाप. कानसेनांची रीत जुनी आणि कडक होती. खुर्चीत जो बसणार त्याला बसवायचं, त्याच्या कानापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेप धरायची, आणि मग स्पीकरपासून कानापर्यंत उलटी धरायची. "एका टोकाकडून घेतलेलं माप म्हणजे अर्धं माप," असं ते म्हणत. त्यानंतर खुर्चीत कानाच्या उंचीवर माइक ठेवायचा, पंखा बंद, दार बंद, माणसं बाहेर. मग अँप्लिफायर एकेका स्पीकरमधून 'फुस्स' असा आवाज सोडतो, माइक तो ऐकतो, आणि आवाज किती लांबून आला ते पडद्यावर आकड्यांत उमटतं.

सगळे परत आत आले. पुढचा डावा ३.१ मीटर. मधला २.९. पुढचा उजवा ३.१. मागचा उजवा १.९. जाड्या ४.२, तो नेहमीच थोडा लांब दाखवतो, त्याची ती जुनी खोड. मागचा डावा ७.४.

कानसेनांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खोली लांबीला पाच मीटरही नव्हती. त्यांनी टेप लावली, दोन्ही टोकांकडून लावली. एक पूर्णांक नऊ. सगळ्यांना बाहेर काढून परत माप घेतलं. सात पूर्णांक चार.

"काही बिघडलं का?" बाईंनी विचारलं.

"छे. मशीनलाही कधी कधी भास होतात," असं म्हणून त्यांनी तिथे हाताने १.९ भरलं. घरी जाताना त्यांनी मनातल्या मनात कारणं लावली. तारेची टोकं उलटी लागली असतील. आवाज कपाटावर आपटून आला असेल. माइक जुना झाला असेल. तीन कारणं मिळाल्यावर माणसाला एकाचीही खात्री नसते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

२

संध्याकाळी सातला लेकीचा फोन यायचा. ती नोकरीपायी दुसऱ्या गावी राहायची, पण आई गेल्यापासून एकही दिवस तिने चुकवला नव्हता. जेवण, गोळी, गुडघा अशी क्रमाने चौकशी व्हायची, आणि शेवटी न चुकता तोच प्रश्न.

"बाबा, ती खोली उघडलीत का?"

"कुठली?"

"वेड पांघरू नका. तुमची खोली."

ती खोली घराच्या पुढच्या बाजूला होती. लोकांच्या खोल्या मांडून झाल्यावर उरलेल्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मांडलेली. आठ महिन्यांपूर्वी, एका दुपारी, ते त्या खोलीत नवे स्पीकर लावून सिनेमा ऐकत होते. होय, ऐकत होते. बघणं त्यांच्या गावी नव्हतं. त्याच वेळी बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळली. चाळीस मिनिटांनी ते पाणी प्यायला गेले तेव्हा ती फरशीवर कुशीवर पडलेली होती. "थोडं आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले होते.

हाक नाही का मारली तिने, असं सगळ्यांनी विचारलं. कानसेनांनी कानांवर हात ठेवले. सिनेमा मोठ्याने चालू होता, मला काही ऐकू आलं नाही, असं सांगितलं.

"एवढा मोठा कानसेन, आणि घरातल्या बाईची हाक ऐकू येत नाही होय?" असं तेराव्या दिवशी लेकीची मावशी भर माणसांत बोलली होती. लेक तिच्या अंगावर धावून गेली होती. त्या दिवसापासून सख्ख्या मावशीशी तिने बोलणं टाकलं होतं. आई गेली, आणि आईच्या तोंडवळ्याची एकुलती एक मावशीही तिने बापापायी सोडली.

"मी रविवारी येते," लेक म्हणाली. "दुपारी पोचेन. तुम्ही स्पीकर लावून ठेवा, आपण दोघं बसून सिनेमा बघू. आईलाही तेच आवडलं असतं. तुम्ही स्वतःला किती दिवस कोंडून घेणार? तुमची काय चूक आहे त्यात? ऐकू आलं असतं तर धावला असता ना तुम्ही?"

"हं," कानसेन म्हणाले.

"मग?"

"लावतो. ये तू."

त्यांनी फोन ठेवला. पोरीने 'हं' ऐकला होता आणि तिला तो पुरला होता.

३

बुधवारी गणिताच्या एका निवृत्त मास्तरांकडे काम होतं. मास्तर विधुर, एकटे, पण हौस दांडगी. खोलीचा नकाशा त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता, चार मीटर बाय पाच मीटर, आणि मागचे स्पीकर किती अंशांवर बसले ते बघायला शाळेतला लाकडी कोनमापकही आणून ठेवला होता. कानसेनांना असं गिऱ्हाईक फार आवडायचं. त्या दोन तासांत ते आठ महिन्यांत प्रथमच खळखळून हसले.

या खेपेला त्यांनी माइक नवा आणला होता. अँप्लिफायरही मास्तरांचा, कोरा, खोक्यातून नुकताच काढलेला. माइक खुर्चीत ठेवून, दार लावून दोघे बाहेर बैठकीत उभे राहिले. बंद दारातून आवाज दबका येत होता.

"पुढचा डावा," कानसेन बोटावर मोजत म्हणाले. "मधला. पुढचा उजवा. मागचा उजवा."

आता मागचा डावा. दारातून काही आलं नाही. आवाज आला तो त्यांच्या पाठीमागून, मास्तरांच्या रिकाम्या स्वयंपाकघराच्या बाजूने. बारीक, लांबून, पण अगदी स्वच्छ. फुस्स.

कानसेनांची मान वळली. मागे बैठक होती, टेबल होतं, टेबलावर मास्तरांचा चष्म्याचा डबा होता आणि त्यापलीकडे स्वयंपाकघराचं दार होतं. तिथे कुणी नव्हतं.

"काय झालं हो?" मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"तुम्ही ऐकलं?"

"मला या कानाने जरा कमीच येतं. का?"

आत जाऊन बघितलं तर पडद्यावर आकडा होताच, ७.४. मास्तरांनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"या खोलीचा कर्ण वर्गमूळ एक्केचाळीस, म्हणजे सहा पूर्णांक चार. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलात तरी सात भरत नाही. तेव्हा हा आवाज या खोलीतला नाही."

"मशीन चुकतं कधी कधी. परवाही एका घरी असंच दाखवलं."

"तेच मशीन?"

"नाही, दुसरं."

"आकडा?"

"हाच."

मास्तरांनी पेन्सिल कानावर खोचली. "चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी. दोन मुलांचं एकच विचित्र उत्तर आलं, तर एक तर एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं, नाही तर उत्तर बरोबर असतं आणि प्रश्न आपण चुकीचा वाचलेला असतो."

कानसेनांनी टेपने आलेलं माप भरलं आणि सामान आवरलं. मास्तरांनी चहाला थांबा म्हटलं, पण त्यांना थांबवेना.

४

घरी येऊन त्यांनी कपडेही बदलले नाहीत. कपाटातून किल्ली काढली आणि पुढच्या खोलीचं कुलूप उघडलं.

खुर्ची होती तशीच होती. स्पीकर त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवले होते आणि भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे केले होते, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखे. त्यांनी खुर्चीच्या माथ्याला, जिथे त्यांचा कान यायचा तिथे, टेपचं टोक चिकटवलं आणि टेप सोडत मागे मागे सरकले. खोलीच्या दारातून बाहेर. दाराला लागूनच घराचं मुख्य दार. पॅसेजच्या या टोकाला दोन दारं शेजारी शेजारी होती. मग सरळ पॅसेज, आणि पॅसेजच्या त्या टोकाला, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मागे आणि जरासं डावीकडे, स्वयंपाकघर. ओट्याखालच्या तिसऱ्या फरशीवर ते गुडघे टेकून थांबले. त्यांना जागा शोधावी लागली नाही.

सात पूर्णांक चार.

आकडा वाचून त्यांनी टेप सोडून दिली. ती सरसरत परत खोलीत गेली. इथून, या टोकाकडून, माप घ्यायचं राहिलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्धं माप सोडून दिलं.

आता जे त्यांनी आठ महिन्यांत एका जीवालाही सांगितलं नव्हतं ते सांगायला हवं. हाक त्यांना ऐकू आली होती.

त्या दुपारी मागच्या स्पीकरची नवी जोडी आली होती. "आल्या वाटतं माझ्या सवती," बायको दारात येऊन म्हणाली होती. "तीस वर्षं मी तुमच्या मागे मागे वावरतेय, मला नाही कधी असं पुसून-बिसून ठेवलंत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच." मग जाता जाता म्हणाली, "दार उघडं ठेवा हं. जरा बरं वाटत नाहीये. हाक मारली तर कळू दे." त्यांनी मान डोलावली आणि दार उघडं ठेवलं.

सिनेमात एका बाजाराचा प्रसंग होता. चारी बाजूंनी माणसं, भाजीवाल्या, गाड्या, कुणी कुणाला हाका मारतंय. त्या गलक्यात, मागून डावीकडून, एका बाईचा आवाज आला. "अहो."

किती खरा आवाज! किती लांबून, तरी किती स्वच्छ! कानसेनांनी डोळे मिटून मान डोलावली. आवाज ओळखीचाही वाटला, आणि म्हणून तर जास्तच कौतुक वाटलं. परत आला. "अहो, ऐकलं का?" वा. याला म्हणतात स्पीकर, आणि याला म्हणतात जागा. मान वळली नाही. काम फसलं नव्हतं.

तो प्रसंग त्यांनी रिमोटने मागे नेला, ती हाक पुन्हा ऐकायला. बाजार आला, भाजीवाल्या आल्या, गाड्या आल्या. हाक आली नाही. पुन्हा मागे नेला. नाहीच. तेव्हा त्यांना वाटलं, मागच्या डाव्याची तार ढिली झाली असणार. ते उठले, स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्पीकरच्या स्टँडमागे वाकले आणि तार आवळत बसले. आवळता आवळता अगदी क्षीण अशी एक हाक आली. शब्द नव्हते, नुसता आवाज. लागतेय, लागतेय तार, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आणखी एक फेरा दिला.

त्यानंतर काही आलं नाही. अर्धा तास ते त्या स्पीकरशी झटत होते.

५

रविवारी सकाळी नऊलाच त्यांनी काम सुरू केलं. लेकीला शब्द दिला होता. पुढचे तीन लावले, जाड्याला कोपऱ्यात बसवलं, मागचा उजवा लावला. मागचा डावा त्यांनी स्टँडवर ठेवला, पण त्याची तार जोडली नाही. तारेची दोन उघडी टोकं स्टँडवरून खाली लोंबत ठेवली आणि दोनदा जवळ जाऊन खात्री करून घेतली. ज्याला तारच नाही तो बोलेल कशाला, एवढा साधा हिशेब होता.

दार त्यांनी त्या दिवसासारखंच उघडं ठेवलं. आणि माइक लावून बाहेर जायच्या ऐवजी ते स्वतः खुर्चीत बसले, माइक कानाशी धरून. पडदा काळा. सिनेमा नाही, बाजार नाही. खिडकीतून अकराचं ऊन आत आलेलं. त्यांनी बटण दाबलं.

पुढचा डावा. मधला. पुढचा उजवा. मागचा उजवा. एकेक जण आपापल्या जागेवरून शहाण्यासारखा फुसफुसला.

मग थोडी शांतता. आणि मग मागून, डावीकडून, उघड्या दारातून, पॅसेजच्या त्या टोकाहून, गॅस पेटवायच्या आधी येतो तसा बारीक आवाज. फुस्स.

आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच जागेवरून:

"अहो."

मान वळली. कानसेन उठले, खुर्चीला अडखळले, धावले. आठ महिने उशिरा, पण धावले. गुडघ्याचं दुखणं विसरून ते स्वयंपाकघरात पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. सकाळी पुसून ठेवलेला ओटा कोरडा होता. नळ बंद होता. त्यांचाच एक कप पालथा घातलेला होता.

"आलो," ते त्या रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाले. "आलो गं मी."

ते ओट्याला धरून खाली बसले. तिसरी फरशी. बसल्यावर आठवलं की या टोकाकडचं माप राहिलंय. मग ते हळूच कुशीवर झाले, ती होती तसे, आणि गाल फरशीला टेकवून त्यांनी खोलीकडे बघितलं.

पॅसेज दिसत होता. त्याच्या टोकाची दोन दारं दिसत होती, एक बंद, एक उघडं. उघड्या दारातून खुर्चीची पाठ दिसत होती, आणि खुर्चीच्या पाठीवरून एक डोकं.

मागून दिसणारं डोकं. पिकलेले केस, माथ्यावर विरळ झालेला एक गोल. तो गोल कानसेनांना न्हाव्याने मागे आरसा धरल्यावर दिसायचा तेवढाच ओळखीचा होता. पडदा काळा होता, खोलीत काही आवाज नव्हता, आणि तरी तो माणूस मन लावून काहीतरी ऐकत बसला होता.

उन्हाची तिरीप असेल. खुर्चीवर टाकलेला टॉवेल असेल. पण टॉवेल त्यांनी टाकला नव्हता. त्यांना त्या माणसाला बोलवायचं होतं, काहीही करून त्याला वळवायचं होतं. स्वतःला माणूस काय म्हणून हाक मारतो? त्यांच्या तोंडून तिचीच हाक निघाली.

"अहो."

डोकं वळलं नाही. ते डोललं. सावकाश, दोनदा, एखादी गोष्ट मनापासून पटल्यावर डोलावं तसं. खुर्चीच्या हातावरून डावा हात वर आला आणि दोन बोटांनी हवेत दाद दिली.

कानसेनांना तेव्हा कळलं की इथून हे दिसत होतं. तिला हे दिसलं होतं. त्यांना ऐकू आलं नाही, असं समजून ती गेली असेल, एवढी एकच आशा त्यांनी आठ महिने उराशी धरली होती. तसं नव्हतं. त्यांनी ऐकलंय हे तिला कळलं होतं.

"अहो, ऐकलं का?" ते ओरडले.

तो माणूस रिमोट घ्यायला वाकला.

६

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. लेक आत आली, हातात पिशवी, "बाबा, लवकरची गाडी मिळा..." म्हणत, आणि तिला पॅसेजच्या टोकाला फरशीवर पडलेले बाबा दिसले. त्याच जागी, त्याच कुशीवर.

पिशवी तिथेच पडली. ती धावली. चप्पल न काढता, दार एका हाताने मागे ढकलून, जीव खाऊन धावली, आणि त्यांच्याजवळ येऊन तिने गुडघे टेकले. धावायचं ते असं, हे कानसेनांच्या मनात येऊन गेलं.

"बाबा! काय होतंय? छातीत दुखतंय का? बोला ना!"

"काही नाही. मला काही झालं नाही."

"मग इथे का पडलात? इथे?" ती रडायला लागली होती. त्यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. "किती छळून घ्याल स्वतःला? तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, तर तुम्ही काय करणार होतात?"

"आलं होतं," कानसेन म्हणाले.

ती त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. तो हात थांबला.

"तिने हाक मारली होती. मी ऐकली होती. मला वाटलं स्पीकर आहे. मला वाटलं, काय सुंदर जागा पकडलीय आपण." त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला आवडली, बाळा. मला ती हाक आवडली."

घरात काही आवाज नव्हता. फ्रीजही गप्प होता. मोजमाप करताना त्यांनीच तो बंद केला होता.

"किती वेळा?" लेकीने विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"तीनदा."

तिने त्यांचं डोकं मांडीवरून हळूच उचलून फरशीवर ठेवलं. आदळलं नाही, जपून ठेवलं. मग ती उठली आणि पॅसेजमधून चालत गेली. ते कसेबसे उठून ओट्याला टेकून बसले. तिची पाठ तिच्या आईसारखी होती, चालताना एक खांदा जरा खाली. टोकाशी, दोन दारांसमोर, ती थांबली. तिने पिशवी उचलली आणि बाहेरच्या दाराच्या लॅचवर हात ठेवला.

शेजारचं दार उघडंच होतं. तिने तिकडे बघितलं नाही. कानसेनांना मात्र दिसत होतं. खुर्ची आता रिकामी होती. मागच्या डाव्याच्या स्टँडमागे कुणीतरी वाकलं होतं, आणि त्याचं कोपर हळूहळू फिरत होतं, स्क्रू आवळताना फिरतं तसं.

"बाळा," त्यांनी हाक मारली.

तिची मान वळली नाही.

"अगं, ऐकलंस का?"

तिने ऐकलं होतं. तिचे खांदे हलले होते, ते त्यांनी सात मीटरांवरून नाही, तरी पाच मीटरांवरून नीट पाहिलं. ती वळली नाही, पण लॅचही तिने फिरवलं नाही.

तिसरी हाक ओठांवर आली होती. पण तिसरीनंतर काय असतं हे या घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि ती मारायचं धाडस त्यांना झालं नाही. ते ओट्याला टेकून, कान देऊन बसून राहिले. लॅच अजून वाजलं नव्हतं.